बारमाही ओल: बाथरूमला टेकलेल्या एका भिंतीचं प्रकरण

ठाण्यातली १९९०च्या दशकातली सोसायटी, तळमजला आणि वर चार मजले. तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये बेडरूम आणि त्याला जोडलेलं बाथरूम यांच्यामध्ये साडेचार इंची विटांची भिंत आहे. तिच्या बेडरूमकडच्या बाजूला जमिनीपासून अडीच फुटांपर्यंत ओल होती. स्कर्टिंगच्या वर रंगाचे पोपडे सुटलेले, पोपड्यांमागे पांढरी भुकटी, आणि बाथरूमच्या दाराशी लाकडी चौकटीचा पाय फुगून काळा पडलेला.

पाच वर्षांत तीन उपाय झाले होते. पहिल्यांदा भिंत खरवडून पुट्टी आणि रंग. दुसऱ्यांदा ओल रोखणारं म्हणून विकलं जाणारं कोटिंग. तिसऱ्यांदा तीन फुटांपर्यंतचा गिलावा काढून वॉटरप्रूफिंग पावडर घातलेलं, सिमेंटचं प्रमाण वाढवलेलं प्लास्टर. तिसऱ्या उपायानंतर वर्षभर भिंत छान दिसली. मग ओल परत आली आणि आधी दीड फुटावर थांबायची ती अडीच फुटांवर गेली.

ही वाढ कळली की पुढचं सगळं प्रकरण कळतं. विटेत शिरलेलं पाणी वर चढत राहतं आणि पृष्ठभागावरून वाफ होऊन उडतं. जिथे चढणं आणि उडणं यांचा तोल साधतो तिथे ओलीची वरची रेघ थांबते. पृष्ठभाग घट्ट प्लास्टरने किंवा कोटिंगने बंद केला की खाली उडायला वाव राहत नाही आणि पाणी उडण्यासाठी आणखी वर चढतं. म्हणजे ‘उपाय’ जितका घट्ट, तितकी रेघ उंच. खालून येणारं पाणी कुणी थांबवलेलंच नव्हतं.

आधी नोंद, मग हातोडा

पहिला प्रश्न असा की ओल कधी वाढते. घरच्यांच्या सांगण्यानुसार ती एप्रिल-मेमध्येही तशीच असायची, जुलैमध्ये थोडी जास्त. पावसाचं पाणी बाहेरच्या भिंतीतून येत असेल तर ती ओल उन्हाळ्यात वाळते, निदान फिकी पडते. शिवाय ही भिंत घराच्या आतली, तिला बाहेरची हवासुद्धा लागत नाही. तिसरा मजला असल्यामुळे जमिनीतून चढणाऱ्या ओलीचाही प्रश्न नव्हता. उरल्या तीन शक्यता: भिंतीतले पाण्याचे पाईप, बाथरूमची जमीन आणि सांडपाण्याची लाइन, किंवा हवेतली वाफ थंड भिंतीवर जमणं.

ओलीची कड पेन्सिलने आखून शेजारी तारीख लिहायची आणि दर आठवड्याला नवी कड आखायची. तीन आठवड्यांत आकार बोलायला लागतो. पाईपची गळती असली की ओल एका जागेभोवती पंख्यासारखी पसरते आणि डायव्हर्टरच्या (शॉवर आणि नळ यांत पाणी वळवणाऱ्या खटक्याच्या) किंवा नळाच्या उंचीवर सर्वांत गडद असते. इथे कड जवळपास आडवी होती, भिंतीच्या सात फूट लांबीभर सारखी, आणि दाराच्या बाजूला चार-पाच इंच जास्त उंच. आडवी कड म्हणजे पाणी खालून, लांबच लांब पट्ट्यातून येतंय.

पांढरी भुकटी बुरशी आहे की खार, हे थेंबभर पाण्याने कळतं. खार विरघळतो, बुरशी विरघळत नाही. इथे खार होता. विटेतले आणि सिमेंटमधले क्षार पाण्याबरोबर बाहेर येतात, पाणी उडतं, क्षार मागे राहतात. रंगाच्या मागे त्यांचे स्फटिक फुगतात आणि तेच पोपडा उचलतात.

वाफ जमण्याची शक्यता फॉइलने तपासली. एक फूट बाय एक फूट अॅल्युमिनियम फॉइल ओल्या भागावर चारी बाजूंनी टेपने पक्की चिकटवून ४८ तास ठेवली. फॉइलच्या खोलीकडच्या बाजूला थेंब आले तर हवेतली वाफ, भिंतीकडच्या बाजूला आले तर पाणी भिंतीच्या आतून येतंय. थेंब भिंतीकडे होते. भुकटी झडलेल्या जागी टेप धरत नाही, म्हणून आधी कोरड्या ब्रशने साफ करून टेप सुक्या कडेपर्यंत न्यावी लागते.

याच भिंतीत जमिनीपासून एका फुटावर एक सॉकेट होतं. ओल्या भिंतीतल्या वायरिंगचं सर्किट तपासणी सुरू होण्याआधीच बोर्डवर बंद करायचं आणि इलेक्ट्रिशियनकडून तो पॉइंट सोडवून घ्यायचा. यात चालढकल करू नये.

पाईपची परीक्षा

जुन्या इमारतीतले जीआय (जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी) पाईप गंजतात हे खरं, म्हणून बहुतेक प्लंबर पहिल्याच दिवशी टाइल्स फोडायला निघतात. प्रेशर टेस्टला अर्धा दिवस लागतो आणि एकही टाइल फुटत नाही.

बाथरूमचा स्टॉपकॉक बंद केला, गिझर लाइनमधून सोडवला, शॉवर आणि नळ काढून त्या जागी अर्ध्या इंची एंड प्लग लावले. एका पॉइंटला प्रेशर गेज आणि हातपंप. थंड आणि गरम लाइन वेगवेगळ्या तपासल्या, कारण गळती दोन्हींत एकदम क्वचितच असते. गच्चीवरच्या टाकीचं तिसऱ्या मजल्यावरचं प्रेशर जेमतेम पाऊण किलो प्रति चौरस सेंटिमीटर भरतं. टेस्ट ३ किलोपर्यंत नेली. नव्या सीपीव्हीसी (गरम पाणी सोसणाऱ्या प्लास्टिकच्या) लाइनला ६ किलोपर्यंत नेतात, पण गंजलेल्या जीआयच्या आट्यांवर तेवढं चढवलं तर चांगला सांधाही सुटू शकतो.

गेजचा काटा पहिल्या पाच मिनिटांत थोडा उतरतो. तो पाईपमध्ये अडकलेल्या हवेमुळे. सर्वांत उंच पॉइंटचा प्लग सैल करून हवा काढायची, पुन्हा भरायचं, मग अर्धा तास पाहायचं. दोन्ही लाइनवर काटा जागचा हलला नाही. पाण्याचे पाईप निर्दोष.

जमिनीची परीक्षा, परातीसकट

बाथरूम ४ फूट बाय ७ फूट, म्हणजे २८ चौरस फूट. नहाणी ट्रॅपची, म्हणजे जमिनीवरचं पाणी जिथून लाइनमध्ये जातं त्या भांड्याची, जाळी काढून ट्रॅपच्या गळ्यात, टाइलच्या पातळीखाली, बोल्ट आवळला की फुगणारा रबरी प्लग बसवला. प्लग जाळीच्या वर बसवला तर ट्रॅप आणि टाइल यांमधला सांधा तपासायचाच राहतो, आणि गळती बहुतेक वेळा तिथेच असते. मग जमिनीवर २० मिलिमीटर पाणी साठवलं, सुमारे ५० लिटर. दाराला एक इंचाचा उंबरठा होता म्हणून एवढंच साठवता आलं.

भिंतीला चिकटवलेल्या स्टीलच्या पट्टीवर पातळी नोंदवली. शेजारी स्टुलावर पाण्याने भरलेली परात ठेवली आणि दार बंद. चोवीस तासांनी परातीतलं पाणी २ मिलिमीटर उतरलं होतं, जमिनीवरचं १२ मिलिमीटर. परातीतलं फक्त वाफ होऊन गेलं. जमिनीवरचे जास्तीचे १० मिलिमीटर, म्हणजे २५ लिटरच्या आसपास पाणी, खाली कुठेतरी गेलं. परात नसेल तर कंत्राटदार आणि घरमालक ‘उडून गेलं असेल’ की ‘मुरलं असेल’ यावर वाद घालत बसतात.

दुसरी टेस्ट सांडपाण्याच्या लाइनची. डक्टच्या (इमारतीचे पाईप जातात त्या उभ्या पोकळीच्या) बाजूने लाइनचं तोंड प्लगने बंद करून ट्रॅपपर्यंत पाणी भरलं. दोन तासांत पातळी उतरली नाही. म्हणजे ट्रॅपचं भांडं आणि लाइन ठीक. गळती ट्रॅपच्या काठाभोवती आणि टाइल्सच्या सांध्यांतून होती. सांधे पांढऱ्या सिमेंटने भरलेले होते आणि टॉयलेट साफ करायच्या अॅसिडने वर्षानुवर्षं ते खाल्ले गेले होते. कोपऱ्यातल्या सांध्यात सुई पूर्ण आत जात होती.

खालच्यांचं छत कोरडं का?

या प्रकरणात सगळ्यांची दिशा इथेच चुकली होती. ‘बाथरूम गळत असतं तर खालच्यांच्या छताला ओल आली असती’ असं पाचही वर्षं धरून चाललं होतं. दुसऱ्या मजल्यावरचं छत खडखडीत कोरडं होतं, म्हणून बाथरूम निर्दोष ठरलं.

अशा इमारतींत बाथरूमचा स्लॅब आजूबाजूच्या स्लॅबपेक्षा ९ ते १२ इंच खाली टाकलेला असतो. साइटवर त्याला नुसतं ‘संक’ म्हणतात. त्याच्या तळाला वॉटरप्रूफिंगचा कोबा (सिमेंटचा जाड थर), त्यावर विटांच्या तुकड्यांचा भराव, त्यातून सांडपाण्याचे पाईप, वर मॉर्टर आणि टाइल. तळाचा कोबा उत्तम केलेला असेल तर संक म्हणजे एक टाकीच. वरून टाइल्सच्या सांध्यांतून पाणी झिरपतं, तळ ते खाली जाऊ देत नाही, आणि भराव काठोकाठ भिजतो. भिंतीचा पहिला थर बीमवर, बेडरूमच्या स्लॅबच्या पातळीला बसलेला असतो. बाथरूमच्या टाइलखालचं ओलं मॉर्टर थेट या थराला टेकतं. तिथून विटा दिव्याच्या वातीसारखं पाणी वर ओढतात. कोबा चांगला होता म्हणून खालचे वाचले, आणि म्हणूनच सगळं पाणी भिंतीत आलं.

पक्कं करायला भिंतीलगतची एक टाइल काढून छिन्नीने आठ इंच खोल खड्डा केला. तासाभरात त्यात चार इंच पाणी जमलं. बाटलीत घेऊन हलवल्यावर फेस आला, म्हणजे साबणाचं सांडपाणी. फेस आला नसता तर मात्र काहीच सिद्ध झालं नसतं, कारण भरावातून गाळून येताना साबण अडकूही शकतो.

खर्च कुणाचा

सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार पावसाची गळती, आणि बाहेरच्या सामाईक पाण्याच्या व ड्रेनेज लाइनची गळती सोसायटीच्या खर्चाने दुरुस्त करायची असते. सभासदाच्या बाथरूमच्या आतली दुरुस्ती सभासदाची. इथे लाइन निर्दोष आणि दोष जमिनीत, त्यामुळे खर्च घरमालकाचा. टेस्टचे फोटो आणि वेळा लिहिलेल्या असल्या की कमिटीपुढे वाद होत नाही. काम सुरू होण्याआधी सोसायटीला लेखी कळवलं आणि खालच्या काकूंच्या बाथरूमच्या छताचे फोटो त्यांच्या समोर काढले. तोडफोडीत त्यांच्याकडे काही उद्भवलं असतं तर आधीचं काय आणि नंतरचं काय, हे फोटोंवरून सांगता आलं असतं.

स्वस्त उपाय का टाळला

एक सोपा मार्ग समोर होता: टाइल्सचे सांधे कोरून इपॉक्सी ग्राउट भरायचं, ट्रॅपचा काठ नव्याने सील करायचा. दोन दिवसांचं काम. भराव कोरडा असता तर हाच मार्ग योग्य ठरला असता. पण २८ चौरस फूट आणि १० इंच खोली म्हणजे भराव सुमारे ०.६६ घनमीटर. विटांच्या तुकड्यांच्या भरावात पाव भाग पोकळी धरली तरी दीडशे लिटरहून जास्त पाणी अडकलेलं. वरून इपॉक्सीने आणि खालून कोब्याने बंद केल्यावर त्याला बाहेर पडायला एकच वाट उरते, बेडरूमची भिंत. ते निथळायला वर्ष-दीड वर्ष सहज लागलं असतं आणि तोवर सगळ्यांनी ‘काम फसलं’ असंच म्हटलं असतं.

भिंतीत भोकं पाडून सिलेन-सिलोक्सेन क्रीम (विटेत मुरून पाणी वर चढू न देणारं रसायन) भरण्याचाही सल्ला आला होता. तळमजल्यावर, जमिनीतून चढणाऱ्या ओलीसाठी ते काम करतं. इथे भिंतीला टेकलेला ओला भराव तसाच ठेवून वर क्रीमची रेघ काढणं म्हणजे मूळ दोष जागच्या जागी ठेवणं.

ठरलं ते पूर्ण काम: संक रिकामा करणं, नव्याने वॉटरप्रूफिंग, नवी लाइन. सुरुवात ऑक्टोबरच्या शेवटी ठेवली, म्हणजे भिंत वाळायला कोरडे महिने मिळतील.

संक उपसणं

पहिल्या दिवशी बेडरूमकडचा गिलावा चार फुटांपर्यंत काढला, ओलीच्या रेघेच्या दीड फूट वर. क्षार ओलीच्या रेघेवरही पसरलेले असतात, म्हणून रेघेपाशी थांबून चालत नाही. विटांचे सांधे अर्धा इंच खोल कोरले आणि खार कोरड्या ब्रशने प्लास्टिकच्या कागदावर झाडून टाकला. भिंत पाण्याने धुवायची नाही. धुतली की क्षार पुन्हा आत जातात.

बाथरूममध्ये लाइनचं तोंड आधी गोणपाटाने घट्ट बंद केलं. मलबा खाली गेला तर सगळ्या विंगची लाइन तुंबते. भराव पाच किलोच्या ब्रेकरने आणि रुंद छिन्नीने काढला, पण शेवटचे दोन इंच हाताने. खाली स्लॅब चार-पाच इंचांचाच असतो आणि जोरात ठोकलं तर खालच्यांच्या छताचं प्लास्टर सुटतं. मलबा एक टनाच्या आसपास निघाला, सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत प्रत्येकी २५ किलोप्रमाणे ४० ते ४५ गोण्या. त्या बेडरूमच्या मधोमध रचून ठेवायच्या नाहीत, रोजच्या रोज खाली उतरवायच्या.

स्लॅब उघडल्यावर स्पंजने पाणी टिपून तीन दिवस पंखा लावला. दोन ठिकाणी सळईवरचं काँक्रीट फुगलेलं होतं. ते काढून, सळई तारेच्या ब्रशने घासून, गंजरोधक लावून पॉलिमर मॉर्टरने भरलं. सळईचा गंज झाकून पुढे गेलं असतं तर काही वर्षांत नवी लेयर खालून फाटली असती.

तळाची लेयर

सगळ्या कोपऱ्यांत दोन इंची वाटा (मॉर्टरची गोलसर कड) मारला. मिश्रण: सिमेंट ५ किलो, धुतलेली वाळू १५ किलो, एसबीआर लॅटेक्स (मिश्रणाची पकड वाढवणारं रबरी द्रव) १ किलो, पाणी लागेल तेवढंच. काटकोनी कोपऱ्यात कोटिंग ताणलं जाऊन फाटतं, वाट्यामुळे ते वळणाने वर चढतं. डक्टकडच्या भिंतीतून पाईप जातो तिथे भोवती इंचभर खाच करून आकुंचन न पावणारं ग्राउट भरलं.

मग दोन घटकांचं अॅक्रिलिक-सिमेंट कोटिंग. जमीन २८ चौरस फूट. चारही बाजूंनी संकची खोली आणि तयार जमिनीवर एक फूट, असे ४० चौरस फूट. शॉवरच्या कोपऱ्यात सहा फुटांपर्यंत, म्हणजे आणखी ३५ चौरस फूट. एकूण १०३ चौरस फूट, साडेनऊ चौरस मीटर. दोन हातांना मिळून चौरस मीटरला २ किलो, म्हणजे २० किलोचा सेट. पहिला हात आडवा, दुसरा उभा, मध्ये चार-सहा तास, आणि कोपऱ्यांत पहिल्या ओल्या हातात फायबर मेश दाबलेली. पृष्ठभाग आधी ओलसर करायचा, पण पाणी साचलेलं नको.

माल वाचवण्यासाठी एका हातात जाड थर देण्याची सवय असते. जाड थर वाळताना बारीक तडकतो आणि ते तडे पाँडिंग टेस्टमध्ये (पाणी साठवून पाहण्याच्या परीक्षेत) लगेच दिसतात असंही नाही. २० किलोचा सेट पूर्ण संपला की नाही, हे मोजणं हीच त्यावर खात्रीची देखरेख आहे.

दाराच्या उंबरठ्याकडे सर्वांत जास्त वेळ दिला. ओलीची कड दाराशी उंच होती, कारण जुन्या कामात वॉटरप्रूफिंग उंबरठ्याच्या आतच थांबलं होतं आणि पाणी ग्रॅनाइटच्या पट्टीखालून चौकटीच्या पायाला लागत होतं. आता पट्टी काढून कोटिंग तिच्या खालून वर वळवलं आणि पट्टी इपॉक्सीवर बसवली. कुजलेली चौकट ग्रॅनाइटने बदलली.

तीन दिवस वाळल्यावर संकमध्ये चार इंच पाणी भरलं, जवळपास २६५ लिटर. ७२ तास, पुन्हा परातीसोबत. दोन्हींत फरक नाही आणि खालच्या छतावर डाग नाही, तेव्हाच पुढचं काम.

लाइन, भराव आणि दुसरी लेयर

कमोडला ११० मिलिमीटर, सांडपाण्याला ७५ मिलिमीटर पीव्हीसी, ४० इंचांना एक इंच उतार, नहाणी ट्रॅप ५० मिलिमीटर पाणी धरणारा. पाईप दर दोन फुटांवर मॉर्टरच्या टेकूवर बसवला. अधांतरी पाईप भरावाच्या वजनाने दबतो आणि सांधा उघडतो. पाण्याच्या लाइन जुन्या होत्या म्हणून त्याच वेळी सीपीव्हीसीच्या करून ६ किलोवर तपासल्या.

तळाच्या सर्वांत खालच्या पातळीला ३२ मिलिमीटरचा संक-ड्रेन पाईप घेतला, तोंडाला जाळीचं कापड, दुसरं टोक डक्टमध्ये उघडं आणि दिसेल असं. तो सांडपाण्याच्या लाइनच्या जुन्याच भोकातून काढला. बीमला नवं भोक पाडून असा पाईप काढायचा नसतो. पुढे कधीही वरची लेयर गळली तर पाणी संकमध्ये साठण्याऐवजी या पाईपातून ठिबकेल आणि महिनाभरात लक्षात येईल.

भरावासाठी सिपोरेक्स ब्लॉकचे (हलक्या, सच्छिद्र सिमेंट ब्लॉकचे) तुकडे घेतले. विटांच्या भरावाचं वजन एक टनाहून अधिक भरतं, याचं ४०० किलोच्या आसपास. सिपोरेक्स पाणी पितो, ही तक्रार बरोबर आहे. म्हणूनच भरावाच्या वर दुसरी लेयर लागते, आणि नेमकी तीच बहुतेक कामांत नसते. भरावावर दोन इंची काँक्रीट, ट्रॅपकडे १०० ला १ उतार. त्यावर पुन्हा दोन हात कोटिंग, ट्रॅपच्या काठावर चढवून आत वळवलेलं. ट्रॅपचा काठ काँक्रीटच्या वर राहिला तर टाइलखाली झिरपलेलं पाणी तिथेच अडतं, म्हणून तो कोटिंगच्या पातळीला ठेवायचा. दुसरी पाँडिंग टेस्ट २४ तास.

टाइल पॉलिमर अॅढेसिव्हवर, १२ बाय १२ इंची, ३ मिलिमीटर सांधा, इपॉक्सी ग्राउट. या जमिनीला एक किलोचा पॅक पुरतो. शेवटच्या दिवशी येणारा फिटिंगवाला कमोडसाठी जमिनीत ड्रिल मारतो आणि एवढ्या दिवसांच्या कामाला चार भोकं पडतात. कमोडचे स्क्रू इपॉक्सी भरूनच बसवायचे, किंवा खाली ड्रिल न करता कमोड सिलिकॉनवर बसवायचा. हे त्याला आधी सांगावं लागतं.

भिंत वाळू देणं

बाथरूम आधी वापरात आलं. भिंतीला दहा आठवडे लागले. विटेच्या भिंतीला जाडीच्या दर इंचाला एक महिना, असा जुना ठोकताळा आहे. इथे बाथरूमच्या बाजूचं खालचं प्लास्टरही काढलेलं असल्यामुळे सुरुवातीला दोन्हीकडून वाळायला मदत झाली. पंखा हवा, खिडकी उघडी हवी. हॅलोजन लावून भाजू नये, वरचा थर वाळतो आणि आतलं पाणी तिथेच राहतं.

पिनवाल्या मॉइश्चर मीटरने दर आठवड्याला त्याच सहा खुणांवर वाचन घेतलं. मीटरचा आकडा विटेतलं खरं पाणी सांगत नाही, क्षार असले की तो फुगतो. म्हणून तुलना त्याच भिंतीच्या सहा फुटांवरच्या सुक्या भागाशी, जिथे वाचन ९ होतं. खालचं वाचन सुरुवातीला ३०, चौथ्या आठवड्यात २१, आठव्यात १३, दहाव्यात १०. सलग दोन आठवडे आकडा स्थिर राहिल्यावरच गवंड्याला बोलावलं.

प्लास्टर सिमेंट, चुना आणि वाळू १:१:६, जाडी १५ मिलिमीटर. सिमेंट वाढवायचं नाही, वॉटरप्रूफिंग पावडर नाही, पीओपी किंवा जिप्समही नाही, कारण ओलीचा किंचित अंश राहिला तरी जिप्सम मऊ पडतं. वाळू खाडीची नको. ठाणे-मुंबईच्या जुन्या कामांत खाडीची वाळू वापरल्याने भिंतींत मीठ जन्मापासूनच आहे, त्यात भर घालू नये. प्लास्टर जमिनीला टेकवलं नाही, खाली अर्धा इंच फट ठेवून स्कर्टिंगने झाकली. सात दिवस पाणी मारणं, चार आठवडे थांबणं, मग सिमेंट पुट्टीचे दोन पातळ हात आणि पहिल्या वर्षापुरता चुन्याचा रंग. प्लास्टिक इमल्शन आणि वॉलपेपर दुसऱ्या वर्षाआधी नाही. कपाट भिंतीपासून चार इंच लांब.

जुलैतला डाग

पावसाळ्यात दाराजवळ, स्कर्टिंगच्या वर आठ इंचांचा ओलसर डाग दिसला. मीटरवर १७. डक्टमधला संक-ड्रेन कोरडा होता, आणि जमिनीची पाँडिंग टेस्ट पुन्हा घेतली तीही चोख निघाली. डाग पावसाच्या दिवसांत दिसायचा आणि एसी रात्रभर चालला की सकाळी जायचा.

ही गळती नव्हती. जुन्या गळतीत सर्वांत जास्त पाणी दाराशी यायचं, म्हणून सर्वांत जास्त क्षार तिथल्या विटांत उरले होते. काही क्षार हवेतली वाफ ओढून स्वतःच ओले होतात. तपासायला डागातला प्लास्टरचा एक तुकडा आणि वरच्या भागातला एक तुकडा, दोन्ही उन्हात वाळवून, झाकणाच्या डब्यात पाण्याच्या वाटीशेजारी ठेवले. दोन दिवसांत डागातला तुकडा गडद पडला, दुसरा तसाच राहिला.

इलाज छोटा होता. ऑक्टोबरनंतर त्या जागेचं दीड फूट बाय दीड फूट प्लास्टर कापलं, विटांवर कागदाचा लगदा आणि चिकणमाती यांचा लेप पूर्ण सुकेपर्यंत ठेवून काढला. असं दोनदा केलं. लेप वाळताना विटेतले क्षार ओढून घेतो. मग त्याच १:१:६ मिश्रणाने जागा भरली.